मागील सभेचे इतिवृत्त

सभेचे इतिवृत्त लिहिण्याचे काम जगात कोणी आपण होऊन पत्करले असेल असे मला वाटत नाही. उशिरा येणारा गृहस्थ अध्यक्ष होऊ शकतो, बोलका गृहस्थ चिटणीस होऊ शकतो. परंतु ज्याच्या खिशात लेखणी असते आणि ज्याच्या तोंडून ऐन वेळी नकार निघत नाही, अशा माणसाच्या हाती शेवटी इतिवृत्ताची वही येते. माझ्या हाती ती चार वर्षांपूर्वी आली. 'तुम्ही मराठीचे प्राध्यापक. तुमच्याहून चांगले कोण लिहिणार?' असे अध्यक्षमहाशय म्हणाले. मराठीच्या प्राध्यापकाचा इतका रोकडा उपयोग उभ्या हयातीत मला कोणी सुचविला नव्हता, त्यामुळे मीही मोहात पडलो.

ही सभा म्हणजे आमच्या वस्तीमंडळाची. खराडीत नदीच्या बाजूला उतरणाऱ्या एका रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्या सात-आठ सोसायट्या उभ्या आहेत, त्यांच्या प्रतिनिधींचे हे मंडळ. त्याची कोठे नोंदणी नाही, त्याला घटना नाही, आणि निधी म्हणाल तर चहाच्या वर्गणीपलीकडे काही नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळी पाच वाजता एका इमारतीच्या तळमजल्यावरील दालनात आम्ही जमतो, प्लास्टिकच्या खुर्च्या अर्धवर्तुळात मांडतो आणि वस्तीची सुखदुःखे एकमेकांपुढे ठेवतो. सुखे फारशी कोणी ठेवीत नाही. रस्त्यावरील खड्डे, टँकरचे दर, कचऱ्याची गाडी, नगर रस्त्यावरील वाहनांची कोंडी, रात्री उशिरापर्यंत वाजणारे ध्वनिवर्धक आणि भटकी कुत्री, हा आमचा षड्रिपूंचा वर्ग. आणि गेल्या चार वर्षांत त्यांतील एकाही रिपूचा नाश आमच्या हातून झालेला नाही.

तरीही मला ही सभा आवडते, हे कबूल केले पाहिजे. अध्यक्षमहाशय सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांचा आवाज मोठा, मन साफ आणि घड्याळ पाच मिनिटे पुढे. माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेरीत नोकरी करणारा एक तरुण प्रत्येक तक्रारीचा आलेख काढून आणतो. खड्ड्यांचा आलेख सतत चढता असल्यामुळे तो पाहून काही तरी प्रगती झाल्यासारखे वाटते. एक बाई केवळ भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून येतात, आणि त्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या दुसऱ्या एक बाई केवळ पहिल्या बाईंना उत्तर देण्यासाठी येतात. गेल्या पावसाळ्यात ह्या दोघींच्या वादाने एका सभेची पंचावन्न मिनिटे खाल्ली. कोणी कोणाला काय म्हटले ते येथे सांगण्याजोगे नाही. मी वहीत लिहिले : 'भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सखोल चर्चा झाली.'

येथेच इतिवृत्तलेखकाच्या कलेचा आरंभ होतो. इतिवृत्ताची स्वतंत्र भाषा आहे, आणि तिचा कोश अद्यापि कोणी केलेला नाही. 'सखोल चर्चा झाली' म्हणजे दोन माणसे एकाच वेळी बोलत होती. 'मतमतांतरे व्यक्त झाली' म्हणजे एक गृहस्थ रागाने उठून गेले. 'पाठपुरावा करण्याचे ठरले' म्हणजे कोणी काही करणार नाही. आणि 'सूचनेची नोंद घेण्यात आली' म्हणजे सूचना कोणी ऐकलीच नाही. चार वर्षांत मी ह्या भाषेत इतका निष्णात झालो की, सभा संपण्यापूर्वीच माझे इतिवृत्त पुरे होऊ लागले. पुढच्या सभेत पहिला विषय अर्थातच 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. मी वाचतो, कोणी ऐकत नाही, अध्यक्ष 'कायम' म्हणतात, आणि त्या क्षणापासून जे मी लिहिले तेवढेच घडलेले असते. एवढी सत्ता माझ्यासारख्या निरुपद्रवी माणसाच्या हाती कोणी कशी दिली, ह्याचे मला आता नवल वाटते. पूर्वी वाटत नव्हते.

खराडी शहरात सामील झाली ती १९९७ साली. गाव शहरात गेले की शहर गावात आले, ह्याविषयी गावठाणातील लोकांची आणि आमची मते निराळी आहेत. त्याआधी ती हवेली तालुक्यातली, मुळा-मुठेच्या काठची एक ग्रामपंचायत होती. आज ईऑन नावाची माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आणि तिच्याभोवतीच्या काचेच्या इमारती पाहून येथे कधी नांगर चालला असेल हे खरे वाटत नाही; परंतु दोन सोसायट्यांच्या कुंपणांमधून गावठाणाकडे जाणारी जी अरुंद वाट आहे, तिला गावातली म्हातारी माणसे अजून पाणंदच म्हणतात. नदी आमच्याकडे येते ती साऱ्या शहराचे पाणी पिऊन आणि सांडून झाल्यावर. शहराच्या मैलापाण्याचे एक शुद्धीकरण केंद्र, दिवसाला ४ कोटी लिटर क्षमतेचे, खराडीतच आहे. वाऱ्याची दिशा सांगण्यास आमच्याकडे वेधशाळेची गरज पडत नाही.

पिण्याच्या पाण्याची कथा आणखी निराळी. शहराच्या ह्या पूर्व भागासाठी खेड तालुक्यातील भामा आसखेड धरणातून पाणी आणण्याची योजना अनेक वर्षे रखडत रखडत १ जानेवारी २०२१ रोजी एकदाची सुरू झाली. ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या होत्या, ते शेतकरी पुनर्वसनासाठी पुनःपुन्हा आंदोलन करीत होते आणि जलवाहिनीचे काम अनेकदा थांबत होते. एका उन्हाळ्यात, टँकरचे दर फारच चढले तेव्हा, आमच्या मंडळाने एक निवेदन लिहावयास घेतले. मी मोठ्या आवेशाने 'आमच्या हक्काचे पाणी' असे शब्द घातले. तेव्हा कोपऱ्यात बसलेले एक मितभाषी गृहस्थ, जे मूळचे खेड तालुक्यातले आहेत, एवढेच म्हणाले, 'हक्काचे म्हणजे कोणाच्या, ते एकदा बघा.' दालनात क्षणभर शांतता पसरली. मग 'हक्काचे' हा शब्द गाळून 'पुरेसे' असा शब्द घालावा असे ठरले. इतिवृत्तात मी 'शाब्दिक दुरुस्तीसह निवेदन मंजूर' असे लिहिले. ती दुरुस्ती शाब्दिक नव्हती, हे लिहितानाच मला ठाऊक होते.

कोणी विचारील, अशा बिननोंदणीच्या सभा भरविण्याची गरजच काय? शहराला महापालिका आहे, प्रभाग समिती आहे. आहे खरी. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ठरविले. त्या त्या भागातील नगरसेवकांनी त्यांत बसावे आणि सामाजिक संस्थांचे थोडे प्रतिनिधीही घ्यावेत अशी आपल्या राज्यात योजना झाली. परंतु पुणे महापालिकेतील निर्वाचित सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि नवी निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. सभासदच नाहीत तर समितीत बसणार कोण? अशा वेळी लोकांना कोठे तरी बसून बोलावेसे वाटते, आणि मग तळमजल्यावरील दालने आणि प्लास्टिकच्या खुर्च्या उपयोगी पडतात.

ज्या शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्षपद गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी भूषविले आणि पुढे न. चिं. केळकर ह्यांनीही, त्या शहरात गटारांविषयी बोलणे हे साहित्यसेवकाला कमीपणाचे वाटू नये, अशी मी माझी समजूत घालीत असे. केळकरांनी निबंध लिहिले, नाटके लिहिली, आणि नगरपालिकेच्या खुर्चीत बसून गावचे नळ आणि दिवेही पाहिले. मी मात्र निबंध लिहिण्याच्या सवयीने इतिवृत्त लिहीत होतो, आणि त्यातच माझी चूक झाली.

आता ती चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरून तीन सायकली चोरीस गेल्या. तीन सायकलींनी आमच्या मंडळात जी जागृती केली ती तीनशे खड्ड्यांनी केली नव्हती. त्या पाणंदीच्या तोंडाशी दोन्ही सोसायट्यांनी मिळून एक लोखंडी गेट बसवावे, रात्री नऊनंतर त्यास कुलूप घालावे, आणि वॉचमनने ते पहाटे उघडावे असा ठराव आला. विरोध कोणीच केला नाही, कारण आमच्यापैकी कोणीच त्या वाटेने जात नव्हता. ठराव मी लिहिला. त्यात पाणंद हा शब्द मी येऊ दिला नाही. 'अंतर्गत मार्ग' असा शब्द योजिला, आणि तो मला त्या वेळी फार सुबक वाटला. गाडीवाटेला कुलूप घालावयाचे म्हटले असते तर कदाचित कोणी तरी चमकला असता. अंतर्गत मार्गाला कुलूप घालण्यात कोणास काही वाटण्याचे कारण नव्हते. 'सर्वानुमते ठरले', असे लिहून मी वही मिटली.

जानेवारीच्या सभेत, ४ तारखेस, निवडणुकीचाच विषय मुख्य होता. कोणते उमेदवार केव्हा येऊन गेले, कोणी किती वेळ हात जोडले, एका मतदाराला चार मते द्यावयाची म्हणजे काय भानगड आहे, अशी बोलणी साडेसहापर्यंत चालली. शेवटी मी नेहमीप्रमाणे वाचले, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय.' कोणी बोलेना. बाजूच्या खोलीत आमचा चहा करणाऱ्या मावशी रिकामे कप गोळा करीत फिरत होत्या. ह्या मावशी आमच्या रस्त्यावरील चार-पाच घरांत धुण्याभांड्याचे काम करतात आणि पहिल्या रविवारी सभेचा चहाही करतात. त्यांनी हातातला ट्रे टेबलावर ठेवला आणि त्या म्हणाल्या, 'साहेब, एक बोलू का?'

'बोला की, मावशी,' अध्यक्ष म्हणाले. 'चहाचे पैसे राहिले का?'

'चहाचं न्हाई. ते गेट. माझं शेवटचं घर साडेनऊला उरकतं. तवर कुलूप पडलेलं असतं. मग नदीकडच्या रस्त्यानं वळसा घालून जावं लागतं. आम्ही चौघी-पाचजणी आहोत. तिथं उजेड न्हाई.'

अध्यक्ष वाईट मनाचे नाहीत. त्यांनी अगदी मृदू आवाजात सांगितले, 'मावशी, ही सभासदांची सभा आहे. तुम्ही ज्यांच्याकडे काम करता त्यांना सांगा. ते आमच्याकडे लेखी आणतील.'

'बरं,' म्हणून मावशींनी ट्रे उचलला. माझ्या हातातला कप घेण्यास त्या वाकल्या, आणि मी तो त्यांना दिला. मग दुसऱ्या हाताने वहीत लिहिले : 'ऐन वेळचे विषय : नाहीत.'

वास्तविक हे लिहिण्यात मी कोणताही नियम मोडला नव्हता. सभासद नसलेल्या व्यक्तीचे बोलणे इतिवृत्तात येत नाही. परंतु त्या रात्री जेवण झाल्यावर मी सवयीप्रमाणे गच्चीत उभा राहिलो. आमच्या गच्चीतून नदीकडचा रस्ता दिसतो, म्हणजे रात्री दिसत नाही, आणि तो दिसत नाही ही गोष्ट माझ्या ध्यानात प्रथमच आली. दहाच्या सुमारास त्या काळोखातून एक लहानसा उजेड हलत चाललेला होता. कोणी तरी मोबाइलचा दिवा लावून जात असावे. कुत्री भुंकू लागली तेव्हा तो उजेड थांबला, थोडा मागे आला, पुन्हा थांबला. मग झाडाआड गेला.

गावाच्या जुन्या सभेची आठवण काढून हळहळण्याची आपल्याकडे एक रीत आहे. चावडी, पार, पंच आणि एकोप्याने चाललेला गावगाडा ह्यांचे चित्र आपण फार गोड रंगवितो. त्या पारावर अस्पृश्य मानलेल्या माणसाला बसता येत नव्हते आणि बाईला तर तिकडून जाताना मान वर करता येत नव्हती, हे आपण त्या चित्राच्या चौकटीबाहेर ठेवतो. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतीचा कायदा १९२० साली झाला. १९५८ च्या कायद्याने गावातील प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत जागा दिली. पुढे तर ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा भरवावी अशीही तरतूद त्यात आली. कागदावर का होईना, मावशींसारखीला उभे राहण्यास एक जागा मिळाली. ती जागा खराडीत १९९७ साली गेली, कारण ग्रामसभा गावात असते आणि खराडी आता गाव राहिली नव्हती. त्या वर्षी खराडीला शहर मिळाले, हे खरे. पण मावशींची सभा गेली, हे मला तोवर कधी सुचलेच नव्हते.

दूर स्वित्झर्लंडमध्ये काही परगण्यांत सर्व नागरिक वर्षातून एकदा भर चौकात जमून हात वर करून कायदे करतात. लोकशाहीच्या पुस्तकांत ह्या सभांची फार स्तुती असते, आणि वर्गात मीही ती केलेली आहे. त्यांपैकी आपेनझेल इनररोडन नावाच्या परगण्यात स्त्रियांना ह्या सभेत घेण्यास पुरुषांनी १९९० पर्यंत नकार दिला. त्या वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने हुकूम केला तेव्हाच त्यांना चौकात उभे राहता आले. तोपर्यंतचे तेथले प्रत्येक इतिवृत्त 'सर्वानुमते' असेच म्हणत असेल की काय, असा एक खवचट विचार माझ्या मनात येऊन गेला.

आपल्याकडेही शहरांतील लोकांसाठी एक तरतूद झालेली आहे. २००९ साली महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. मतदान केंद्रांच्या हिशेबाने शहराची लहान लहान क्षेत्रे करावीत आणि त्या क्षेत्राच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे असा प्रत्येक मनुष्य त्या सभेचा सभासद समजावा, अशी ती योजना. कायदा होऊन इतकी वर्षे झाली तरी मला अद्यापि एकाही क्षेत्रसभेची सूचना आलेली नाही. त्यामुळे ती मी विसरूनच गेलो होतो. महापालिकेला पाठवावयाच्या एका पत्रासाठी जुने कागद चाळताना ते कलम पुन्हा डोळ्यांपुढे आले. सभासद कोण? तर मतदार. फ्लॅटचा मालक नव्हे, देखभालीचे पैसे भरणारा नव्हे, केवळ मतदार.

१५ जानेवारीला मी मतदानास गेलो. रांगेत माझ्यापुढे सात-आठ माणसे सोडून मावशी उभ्या होत्या. हिरवी नऊवारी, डोक्यावर पदर, हातात मतदारयादीतील क्रमांकाची चिठ्ठी. मला पाहून हसल्या आणि म्हणाल्या, 'काका, आज सुट्टी, पण भांडी काय सुटत न्हाईत.' थोड्या वेळाने अध्यक्षमहाशय आले, टेबलाशी गेले, बराच वेळ बोलले आणि लाल चेहऱ्याने परत फिरले. त्यांचे नाव यादीत नव्हते. ते अजून त्यांच्या जुन्या गावच्या यादीत होते, आणि ते बदलून घेण्याचे काम त्यांनी गेली सहा वर्षे उद्यावर टाकलेले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी काही वेळ महात्मा फुल्यांची आठवण करीत बसलो. जोतीराव १८७६ ते १८८२ ह्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या पुणेभेटीच्या निमित्ताने हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा असे जोतीरावांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांपैकी विरुद्ध मत पडले ते त्यांचे एकट्याचे. ठराव अर्थातच पास झाला. परंतु मला त्या दिवशी जोतीरावांइतकाच दुसरा एक मनुष्य आठवला, ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्या एका मताला 'बहुमताने' ह्या शब्दाखाली झाकून टाकणे किती सोपे होते! तसे न करता कोणी तरी ते मत मोजले आणि लिहून ठेवले, म्हणून दीडशे वर्षांनी ते आपल्याला ठाऊक आहे. तो कारकून असेल, चिटणीस असेल. त्याला कदाचित जोतीराव आवडतही नसतील. त्याने आपले काम केले. मी केले नव्हते.

१ फेब्रुवारीच्या सभेत प्रथम अध्यक्षांनी मतदारयादीच्या गोंधळाविषयी दहा मिनिटे संताप व्यक्त केला. मग मी मागील सभेचे इतिवृत्त वाचले. कोणी ऐकत नव्हते. अध्यक्ष 'कायम' म्हणण्याच्या बेतात असता मी म्हणालो, 'एक दुरुस्ती आहे. ऐन वेळचे विषय नाहीत असे मी लिहिले, ते खरे नाही. एक विषय आला होता.'

आमच्या सभेत इतिवृत्तावर चर्चा होण्याचा हा पहिलाच प्रसंग. एका सोसायटीचे चिटणीस म्हणाले की, असे लिहू लागलो तर उद्या वॉचमन येतील, परवा ड्रायव्हर येतील आणि सभासदांना बोलावयास वेळच उरणार नाही. आलेखवाल्या तरुणाने, चोऱ्या कमी झाल्या आहेत, असे सांगून त्याचा आलेख दाखविला. खेडकडचे गृहस्थ म्हणाले, 'वाट गावाची आहे.' बस्, तेवढेच. आश्चर्य म्हणजे कुत्र्यांच्या विरोधक बाई आणि कुत्र्यांच्या कैवारी बाई त्या दिवशी प्रथमच एका बाजूने बोलल्या. रात्री त्या रस्त्याने आपण स्वतः जाऊन पाहू, म्हणजे कळेल, असे दोघींचेही म्हणणे पडले. मात्र तेथल्या कुत्र्यांचे काय करावे ह्यावरून त्यांचे लगेच पुन्हा बिनसले.

चिटणीसांनी 'त्या सभासद नाहीत' हा मुद्दा सोडला नाही. तेव्हा मला राहवले नाही. मी क्षेत्रसभेचे कलम सांगितले, आणि अध्यक्षांकडे पाहून जरा जोरानेच म्हणालो, 'ती सभा उद्या भरली, तर मावशी तेथे सभासद म्हणून बसतील आणि आपल्याला बाहेर उभे राहावे लागेल.' बोलल्यावर मला वाईट वाटले. त्यांच्या जखमेवर बोट ठेवावयास नको होते. परंतु ते सैनिक खरे. क्षणभर गप्प राहून ते मोठ्याने हसले. 'मग चहा मी करीन,' ते म्हणाले. 'लिहा दुरुस्ती. गेटाचा विषय मार्चच्या सभेपुढे ठेवू. आणि त्या नेमके काय बोलल्या ते लिहा. तुमची ती सखोल चर्चा नको.'

मी लेखणी उघडली आणि माझ्या ध्यानात आले की, त्या नेमके काय बोलल्या ते मला नीट आठवत नाही. अर्थ आठवत होता. शब्द मी महिन्याभरात माझ्याच भाषेत फिरविले होते. वही घेऊन मी बाजूच्या खोलीत गेलो. मावशी कपबशा धूत होत्या. मी प्रथम त्यांचे नाव विचारले. त्यांनी हात पदराला पुसले आणि स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव असे पुरे नाव, मतदानाच्या टेबलाशी सांगावे तसे, सांगितले. मग मी लिहिलेले वाचून दाखविले : 'गेट रात्री नऊ वाजता बंद होत असल्यामुळे काम करणाऱ्या स्त्रियांची गैरसोय होते.'

त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले. वर्गात माझे इतक्या लक्षपूर्वक कोणी ऐकले नसेल.

'नऊ न्हाई काका,' त्या म्हणाल्या. 'नऊ तुमच्या कागदावर. वॉचमनला जेवायला जायचं असतं, त्यो पावणेनऊलाच कुलूप घालतो.'

मी 'नऊ' खोडून 'पावणेनऊ' केले.

'आणि गैरसोय म्हंजी काय?'

'म्हणजे… अडचण होते.'

'अडचण न्हाई. भ्या वाटतं. भ्या लिहा.'

मी 'गैरसोय होते' खोडले आणि 'भय वाटते' असे लिहिले. त्या पुन्हा नळाकडे वळल्या, आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, 'आणि खांब लिहा. नदीकडं तीन खांब हायेत. दिवा लागतो एकाचा, तो बी पलीकडच्या टोकाला.'

बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला, पुढचा विषय घ्यावयाचा होता. मी खांब लिहीत होतो.